सयाजीच्या काड्या आणि जर्मन चाकू

चाकू उघडेना.

चांगदेवानं पात्याच्या खाचेत अंगठ्याचं नख घातलं आणि जोर लावला. नख मागं दुमडलं, डोळ्यांत टचकन पाणी आलं, पण पातं मुठीतून तसूभर वर येईल तर शपथ. त्यानं चाकू लेंग्याला पुसला, उताणा केला, पालथा केला, पुन्हा नख घातलं. सकाळचं ऊन खुंटांच्या ओळींवरून पुढं सरकत होतं. बांधावर बाभळीच्या सावलीत ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या निजल्या होत्या. आणि पिंपळवंडीतला एवढा जाणता बागायतदार उकिडवा बसून एका वीतभर चाकूशी झोंबी घेत होता.

"अहो, नारळ फोडायचा राहिला ना?" बयाबाई कळशी घेऊन आली. "पहिलं कलम बांधायच्या आधी फोडायचा आसतो."

"फोड. माझ्या टाळक्यावर फोड."

बयाबाईनं कळशी खाली ठेवली आणि नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. एवढ्या सकाळी हा माणूस कुणाला वाकडं बोलत नसे. गावात सप्ताह चालू, पहाटे काकड्याला जाऊन आलेला, कपाळावर बुक्का अजून ओला. तिनं स्वतःच पहिल्या खुंटापाशी नारळ फोडला, पाणी मुळाशी शिंपडलं आणि खोबऱ्याचा तुकडा नवऱ्यापुढं धरला. त्यानं तो घेतला नाही.

रागाला कारण होतं. गोणपाटातल्या काड्या साध्यासुध्या नव्हत्या. आळ्याच्या सयाजीची द्राक्षबाग त्या पंचक्रोशीत नावाजलेली. तसं वाण सगळ्यांचं तेच, बिनबियांचं. पण सयाजीच्या वेलीला कसली पुण्याई होती कोण जाणे, मणी लांब, साल पातळ आणि गोडी अशी की खाल्ल्यावर माणूस घटकाभर बोलायचा नाही. तो सयाजी आता थकला होता. पोरं शहरात गेली, बाग ओस पडायला लागली. काल तो ती उपटून टाकणार होता. मशीन दारात येऊन उभं होतं. त्याआधी त्यानं निरोप धाडला आणि चांगदेव जाऊन स्वतःच्या हातानं काड्या काढून घेऊन आला. निघताना सयाजी गाडीपाशी आला होता. गोणपाटावर हात ठेवून म्हणाला, "माझी बाग आता तुझ्या रानात, गड्या. पर उद्या दिस मावळायच्या आत सगळ्या लाव. ह्या उन्हात काडी थांबायची न्हाई." एवढं बोलून टॉवेलनं नाक पुसत तो घरात शिरला, तो पुन्हा बाहेर आला नाही.

म्हणजे आज कलमं झाली तर झाली. नाही तर ती वेल या जगातून गेली.

चांगदेवाचा हात कलमाला बसलेला होता. रानटी जातीचा खुंट आधी लावायचा, तो बोटाएवढा जाड झाला की वरून छाटून मधोमध चिरायचा, चांगल्या जातीच्या काडीचं बूड दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायची. सगळं येतं त्या पाचरीवर. दोन्ही अंगं आरशासारखी सपाट हवीत. जरा लहर आली की काडीची साल खुंटाच्या सालीला भेटत नाही, आणि भेट नाही तर जीव नाही.

त्यासाठीच तर हा चाकू. जावई सुदर्शन चाकणला कारखान्यात फिटर. कंपनीनं त्याला शिकायला जर्मनीला धाडलं होतं, तिथून येताना त्यानं सासऱ्यासाठी हा खास कलमाचा चाकू आणला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, चामड्याची पिशवी, पातं असं की त्यात मिशी दिसावी. आणला त्या दिवशी नेमकी एकादशी. बयाबाई देवांना पंचामृतानं न्हाऊ घालत होती. चांगदेवानं चाकू तसाच नेऊन ताम्हनात ठेवला. "ह्येलाबी घाल आंघोळ. ह्येच्यावर आपली बाग उभी ऱ्हायची हाय." तिनं बाळकृष्णाच्या शेजारी त्यालाही न्हाऊ घातलं, वरून पळीभर पाणी सोडलं, पुसलं, गंध-फूल वाहिलं. संध्याकाळी भजनी मंडळ आलं, तेव्हा चांगदेवानं तो सगळ्यांसमोर उघडून दाखवला. खट्ट! असा खटका बसला की मृदंगाच्या थापेसारखा. मंडळींनी माना डोलावल्या. त्या भरात चांगदेवानं आपला जुना चाकू गेणभाऊच्या हातात ठेवला. "घे. मला आता जर्मनीचा आलाय."

गेणभाऊ सप्ताहात त्याच्या शेजारी टाळ घेऊन उभा राहणारा, पोटासाठी कलमं बांधणारा. तो सध्या टोळी घेऊन दूर पेठ गावाकडं गेला होता, आणि जुना चाकू त्याच्याबरोबर.

तेव्हापासून नवा चाकू देव्हाऱ्यातच होता. मधे बयाबाई दोनदा म्हणाली होती, "देव्हाऱ्यात मुंग्या लई झाल्यात हो," आणि प्रसादाची वाटी तिनं वर फळीवर ठेवली होती.

"तेल सोडून बघा की," ती आत्ता म्हणाली.

तेल सोडलं. गोडेतेलाचे चार थेंब सांध्यात मुरवले, चाकू उन्हात धरला, आणि दातांखाली वाळू यावी तसा करकर आवाज करत पातं एकदाचं उघडलं. चांगदेवाचा चेहरा जरा खुलला. त्यानं पहिली काडी घेतली, बूड डाव्या हातात धरलं, पातं टेकवून ओढलं, आणि पातं फटकन मिटलं. थेट तर्जनीवर.

"आयाऽऽ!"

खटका बसलाच नव्हता. पातं उघडलं की आतली पत्र्याची जीभ सरकून त्याच्या बुडाला टेकायला हवी, ती अर्ध्यावरच चिकटून राहिली होती. बयाबाईनं धावत जाऊन हळद आणली, बोटात दाबली, चिंधी बांधली. चांगदेव उठला तो तरातरा घरी गेला आणि त्यानं चाकणला फोन लावला.

"जावईबापू, ह्यो चाकू हाय का खेळणं?"

"का मामा, काय झालं?"

"उघडाया एक माणूस लागतो, मिटाया लागत न्हाई. आपला आपण मिटतो, माझ्या बोटावर! फशिवलं तुमाला त्या गोऱ्यानं."

"मामा, मी दुकानात धा वेळा उघडून बघितला व्हता."

"मग तो गोरा तुमच्यापरीस हुशार म्हणायचा."

मग सुदर्शन हळूच म्हणाला, "ठेवतो मामा," आणि फोन बंद झाला.

दारात बयाबाई उभी होती. "जावयाला आसं बोलत्यात व्हय? आपल्या पोरीला, आरतीला काय वाटंल? बिचाऱ्यानं साता समुद्रापल्याडून आणला."

"तिकडंच ठेवला आसता तर माझं बोट तरी ऱ्हायलं आसतं."

बोलला खरा, पण बोलल्यावर त्याचं त्यालाच तोंड कडू लागलं. मग तो आणखीच चिडला. स्वयंपाकघरातली सुरी घेऊन रानात गेला, तर तिनं काडीची साल सोलण्याऐवजी चेचली. दोन काड्या फुकट गेल्या. त्यानं सुरी भिरकावली आणि चाकूच उघडून बघायचं ठरवलं. तर मुठीवरच्या स्क्रूला चीर नाही, फुली नाही. चांदणीच्या आकाराचं खोल छिद्र! घरातला एकही डिसमिस त्यात जाईना. त्यानं खिळा तासून घातला, वरून दगड मारला. खिळा वाकला, स्क्रूची एक कड उडाली.

"अरं काय ह्ये, पांडुरंगा!" तो आभाळाकडं बघून ओरडला. "स्क्रूला चांदणी पाडाया कुणी सांगितलं व्हतं?"

ऊन चढत होतं. बयाबाई दर थोड्या वेळानं गोणपाटावर पाणी शिंपडत होती. त्यानं तिला काड्यांपाशी बसवलं, चाकू रुमालात गुंडाळला आणि गाडीला किक मारली.

आळेफाट्यावर आधी तो खतं-औषधांच्या दुकानात गेला. "कलमाचा चाकू?"

"संपलं की राव. सीझन हाय. परवा माल येईल."

"परवा माझ्या काडीचं सरपण झालेलं आसंल," चांगदेव पुटपुटला आणि रस्ता ओलांडून गोरक्षच्या टपरीत शिरला. गोरक्ष तिकडच्या धनगरवाड्यातला. बाप अजून मेंढरं राखायचा, हा मोबाइल दुरुस्त करायचा. काचेच्या पेटीत उघडे पडलेले फोन, आणि एका डबीत दातकोरण्यासारखे बारीक डिसमिस.

"चांदणीचा हाय का तुझ्याकडं?"

"मोबाइलला चांदणीच लागती, तात्या. बसा." गोरक्षनं चाकू हातात घेतला. "ह्यो कुठला पैलवान?"

"जर्मनीचा. आन् उघड लवकर, काड्या वाळत्यात माझ्या."

डिसमिस बसला. तुटक्या कडेमुळं तो दोनदा सटकला, तेव्हा गोरक्षनं रबराचा तुकडा मधे धरून स्क्रू फिरवला. मूठ उघडली. आत बघून तो थबकला, चाकू नाकाशी नेला, वास घेतला, पुन्हा आत बघितलं.

"तात्या, रागवू नका. ह्यात गुळपाणी वतलं व्हतं का?"

"चाकूत गूळ वतायाला मी काय..."

"मग ह्ये बघा."

पात्याच्या बुडाशी पिवळसर चिकट थर वाळून बसला होता. त्यात साखरेचे कण चमकत होते, आणि खटक्याच्या जिभेखाली एक तांबडी मुंगी चपटी होऊन मेलेली.

चांगदेवाला एकादशीचं ताम्हन आठवलं. दही, दूध, तूप, मध, साखर. बाळकृष्णाला बयाबाईनं नंतर चिंचेनं घासलं असणार, ती दर वेळी घासते. चाकूला कोण घासणार? वरून पळीभर पाणी, की झालं. सकाळी तेल सोडलं ते साखरेवरून नुसतं वाहून गेलं. आणि त्यानं शिव्या घातल्या कुणाला, तर त्या गोऱ्याला आणि सुदर्शनला.

"पंचामृत हाय त्ये," तो अखेर म्हणाला.

गोरक्ष हसायला लागला तो थांबेचना. "चाकूला पंचामृत! तात्या, अवो आमी मेंढराच्या कातरीला नुसती हळद लावतो."

"हसून झालं आसंल तर पूस."

गोरक्षनं बाटलीच्या झाकणात पेट्रोल घेतलं, सगळे सुटे भाग त्यात बुडवले, ब्रशनं घासले. पातं लखलखलं, खटक्याची जीभ मोकळी झाली. जोडायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "एकच वायसर दिसतंय. पात्याच्या दोन्ही अंगाला पायजे खरं तर."

"बघ! एक वायसर गोऱ्यानं खाल्लं," चांगदेव लगेच उसळला. थोडा का होईना, दोष दुसऱ्याकडं गेल्याचं त्याला बरंच वाटलं. "ऱ्हाऊ दे. जोड तू."

गोरक्षनं ती तांब्याच्या रंगाची पातळ चकती एका बाजूला बसवून स्क्रू आवळला. खट्ट! खटका पहिल्या दिवसासारखा वाजला. चांगदेवाला त्याला मिठी मारावीशी वाटली. गोरक्षनं पैसे घेतले नाहीत, वर डिसमिसही दिला. "सांजच्याला आणून द्या. आन् ह्येला नैवेद्य दावू नका."

रानात आल्याआल्या चांगदेव कामाला बसला. पहिली काडी, दुसरी, तिसरी. हात सरावाचा, पण मनाला काही पटेना. कीर्तनात टाळकऱ्यांतला एकच जण अर्धी मात्रा मागं राहावा तसं काहीतरी बिघडलेलं. त्यानं पाचर उन्हात धरली. एक अंग सपाट, दुसरं लहरी. चाकू मिटून डोळ्यांपुढं धरला, तर पातं मधोमध नव्हतंच. एका अंगाला सरकून आतल्या पत्र्याला घासत होतं. तिथं चकचकीत ओरखडा पडला होता. त्यानं स्क्रू जरा सैल केला, तर पातं डुगडुगायला लागलं. आवळला तर घासायला लागलं. सैल, आवळ. सैल, आवळ. मधेच कुठं नेमकी जागा सापडेल असं वाटायचं, आणि काडीवर पातं ओढलं की पुन्हा लहर.

बांधलेली कलमं त्यानं सोडून बघितली. प्रत्येक पाचरीच्या एका बाजूला केसाएवढी फट.

"बांधून टाका की. पट्टीखाली कुणाला दिसतंय?" बयाबाई म्हणाली.

"वेलीला दिसतंय!"

त्यानं त्या काड्या उपटून बांधावर टाकल्या. जेवणाची वेळ टळून गेली होती. गोणपाटातल्या कडेच्या काड्या त्यानं नखानं खरवडून बघितल्या. सालीखालचा हिरवा रंग फिका पडायला लागला होता. सयाजीचा टॉवेल त्याच्या डोळ्यांपुढं आला. एका माणसाची हयात माझ्या हातात दिली होती, आणि मी ती चाकूच्या नादात वाळवतोय.

तेवढ्यात वस्तीच्या रस्त्यावर मोटारसायकल थांबली. कारखान्याचे निळे कपडे, खांद्याला पिशवी. सुदर्शन.

बयाबाई लगबगीनं पुढं झाली, पदर सावरत म्हणाली, "या, या. आज ड्युटी न्हाई?"

"अर्धा दिवस टाकला." तो सासऱ्याकडं बघत नव्हता. "चाकू परत न्यायला आलोय. मामांना आवडला न्हाई."

चांगदेव उठला. चाकू पुढं करून म्हणाला, "चाकूला पंचामृत पाजलं व्हतं आमी. गोऱ्याचा दोष न्हाई. तुमचाबी न्हाई. माझी जीभ सकाळी लई चालली."

सुदर्शननं क्षणभर त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले, पण तो हसला नाही. चाकू मिटून उजेडात धरला आणि लगेच म्हणाला, "पातं एका अंगाला गेलंय. वायसर कुठाय दुसरं?"

"एकच व्हतं म्हणं आतमदी."

"शक्य न्हाई. दोन आसत्यात." त्यानं डिसमिस घेऊन चाकू उघडला, ती चकती बाहेर काढली, बोटांत चोळली. "जाड लागतीय." दाताखाली धरली. "मामा, ह्या दोन हायत. एकमेकींना चिकटल्यात."

बयाबाई वाकून बघत होती. "साखरंनी चिकटल्या आसतील. कशानं धुतलं त्या पोरानं?"

"पेट्रोलनं."

"पेट्रोलनं साखर जाती व्हय? पाकाची कढई आमी पेट्रोलनं धुतो का? ऊन पाणी पायजे." ती तडक घरात गेली आणि वाटीत कढत पाणी घेऊन आली. सुदर्शननं चकती पाण्यात सोडली. तिघंही वाटीवर वाकले. थोड्या वेळानं एकीच्या दोन झाल्या आणि हलकेच वेगवेगळ्या तळाला टेकल्या.

तेव्हा मात्र सुदर्शन हसला. चांगदेवही हसायला गेला, पण त्याची नजर गोणपाटाकडं वळली आणि हसू अर्ध्यावर राहिलं.

बाकीचे भागही ऊन पाण्यातून निघाले. सुदर्शननं सगळं फडक्यानं कोरडं केलं, पात्याच्या या अंगाला एक, त्या अंगाला एक चकती बसवली. स्क्रू आवळताना प्रत्येक वळशाला पातं उघडमीट करून बघितलं. घासतंय का, डुगडुगतंय का. एका ठिकाणी हात थांबला. "आता बघा."

चांगदेवानं काडी घेतली. पातं ओढलं. एक अंग. काडी फिरवली. दुसरं अंग. उन्हात धरली, दोन्ही बाजू ओल्या काचेसारख्या चमकल्या. खुंटाच्या चिरेत पाचर बसवली तेव्हा हाताला कळलं, भेट झाली.

"पट्टी," तो म्हणाला.

सुदर्शननं पिशवी खाली टाकली, निळ्या शर्टाच्या बाह्या सारल्या आणि पट्टी धरली. त्याला नीट बांधता येत नव्हतं. पहिल्या गाठी ढिल्या पडल्या. चांगदेवानं दोनदा सोडून पुन्हा बांधायला लावल्या. "आवळा अजून. पोरीच्या मुंडावळ्या न्हाईत त्या!" बयाबाई पुढं पुढं खुंट पुसत चालली. सासऱ्यानं तासायचं, सासूनं काडी पुढं करायची, जावयानं बांधायचं. ओळीमागून ओळ सरत गेली. बोटाची चिंधी रक्तानं भिजली, ती चांगदेवानं दातांनी घट्ट केली.

उन्हं कलली. शेवटच्या ओळीत शिरताना त्यानं गोणपाट उघडलं तेव्हा आतल्या काड्या निवडाव्या लागल्या. कडेच्या सालीखाली तपकिरी झालेल्या. एक एक खरवडून तो टाकत गेला. टाकताना दर वेळी तोंडातून चक्‌ असा आवाज निघे. हिरव्या उरल्या त्या मोजक्याच. निम्मी ओळ भरेल एवढ्या.

गावातून सप्ताहाच्या कर्ण्याचा खरखराट आला. मृदंग लागत होता. बुवांनी घसा साफ केला, नामाचा गजर सुरू झाला, आणि चांगदेवाचं अंग आपोआप त्या तालावर झुललं. गेली कित्येक वर्षं या वेळी तो पहिल्या रांगेत टाळ घेऊन उभा असायचा.

"मामा, तुमी जावा," सुदर्शन म्हणाला. "उरलेलं सकाळी करू."

"सकाळी काडी ऱ्हायची न्हाई." त्यानं पुढची काडी उचलली, खरवडली, हिरवी निघाली. "तिकडं टाळ वाजवाया गाव हाय. हिकडं तुमी आन् मी. धरा पट्टी, दिस जातोय."

बयाबाईनं पुढच्या खुंटावरची माती पदरानं पुसली. चांगदेवानं खुंट चिरला, पाचर आत सारली, आणि सुदर्शननं न सांगता पट्टी आवळून दुहेरी गाठ मारली. चांगदेवानं ती अंगठ्यानं दाबून बघितली, मान हलवली आणि वाकून पुढच्या खुंटाकडं सरकला.